लेंट आणि पश्चात्ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखेचा बुधवार जवळ आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात येतात, चर्चच्या आवारात येतात, रात्री उशिरा फोनवरही येतात. त्यातले पुष्कळसे ताटात काय वाढायचं याविषयी असतात. त्यांची उत्तरं खाली दिली आहेत, पण माझा ओढा उरलेल्या प्रश्नांकडे आहे हे आधीच सांगून टाकते.

लेंट म्हणजे नेमकं काय?

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, त्याच्या आधीचा तयारीचा काळ म्हणजे लेंट. राखेचा बुधवार हा त्याचा पहिला दिवस. कुणी त्याला उपवासकाळ म्हणतं, कुणी प्रायश्चित्तकाळ, कुणी तपःकाळ. लेंट हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या वसंत ऋतूच्या नावावरून आला आहे, त्यात उपवासाचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये या काळाला क्वाद्रागेसिमा, म्हणजे 'चाळिसावा' म्हणतात.

हा काळ मुळात कुणासाठी होता ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पहिल्या काही शतकांत ईस्टरच्या रात्री नव्या लोकांचा बाप्तिस्मा होत असे आणि त्याआधीचे आठवडे त्यांच्या अखेरच्या तयारीचे असत. त्याच आठवड्यांत आणखी एक गट चर्चच्या दाराशी उभा असे. बाप्तिस्मा घेऊनही ज्यांच्या हातून गंभीर पाप घडलं होतं आणि ज्यांना पुन्हा मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, यायचं होतं, ते हे लोक. त्यांना मंडळीपुढे उघडपणे प्रायश्चित्त करावं लागे आणि पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, त्यांना परत घेतलं जाई. म्हणजे काही जण पहिल्यांदा घरात येत होते आणि काही जण परतत होते. पुढे बाकीचे विश्वासू लोकही त्यांच्यासोबत उपवासाला बसू लागले. 'आपणही काही फार वेगळे नाही' हे मंडळीला उमगलं, असा मी त्याचा अर्थ लावते.

तारीख दरवर्षी का बदलते?

लेंटची तारीख ईस्टरवरून ठरते आणि ईस्टरची चंद्रावरून. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा आकाश पाहून ठरत नाही, चर्चच्या जुन्या कोष्टकावरून काढतात. ईस्टरपासून 46 दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार येतो. तो लवकरात लवकर 4 फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा 10 मार्चला येऊ शकतो. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. 2027 मध्ये 10 फेब्रुवारी आणि 28 मार्च.

चाळीस दिवस म्हणतात, पण मोजले तर 46 भरतात. असं का?

मधले सहा रविवार सोडा, म्हणजे चाळीस उरतील. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपवास करायचा नाही ही फार जुनी रीत आहे. पूर्वी पश्चिमेकडे लेंट सहा आठवड्यांचा होता, म्हणजे रविवार वगळून 36 दिवस. थोर ग्रेगरी या पोपनी त्याचा छान हिशेब मांडला होता: वर्षाचे 365 दिवस, त्यांचा दशांश साधारण 36, तेव्हा हा देवाला दिलेला वर्षाचा दशांश. पुढे चाळीसचा आकडा पुरा व्हावा म्हणून आधीचे चार दिवस जोडले आणि सुरुवात बुधवारवर आली. मिलानच्या अंब्रोसियन उपासनाविधीत ते चार दिवस आजही नाहीत. तिथे लेंट रविवारी सुरू होतो.

आकड्याचं मूळ अर्थातच बायबलमध्ये आहे. जलप्रलयात चाळीस दिवस पाऊस पडला. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्याविना राहिला, एलीया चाळीस दिवस चालत होरेबला पोचला, निनवे शहराला योनाने चाळीस दिवसांची मुदत सांगितली. बाप्तिस्म्यानंतर येशूने चाळीस दिवस रानात उपवास केला. या सगळ्या कथांत चाळीस दिवसांनंतर माणूस पूर्वीचा राहत नाही.

बायबलमध्ये लेंट पाळा असं कुठे लिहिलंय?

कुठेच नाही. उपवास, प्रार्थना, दान आणि पश्चात्ताप यांविषयी पानोपानी आहे. पण ईस्टरआधी चाळीस दिवस अमुक करा अशी आज्ञा नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियस यांनी लिहिलेल्या पत्रावरून दिसतं, की तेव्हा कुणी ईस्टरआधी एक दिवस उपवास करत, कुणी दोन, कुणी त्याहून जास्त, आणि तरी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. 325 सालच्या निकेया धर्मसभेच्या नियमांत मात्र या चाळीस दिवसांचा उल्लेख सहज, सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीसारखा येतो. मधल्या सव्वाशे वर्षांत ही प्रथा रुळली असणार. ती मंडळीने स्वतःला लावून घेतलेली शिस्त आहे आणि तिच्याकडे तसंच पाहावं.

पश्चात्ताप म्हणजे केलेल्या चुकीचं वाईट वाटणं ना?

अर्धं बरोबर. यात आपल्या शब्दाचीच थोडी अडचण आहे. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे होरपळ. गोष्ट घडून गेल्यावर मनाला बसलेला चटका, एवढंच तो शब्द सांगतो. चटका खोटा नसतो, पण चटका बसलेला माणूस वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहू शकतो.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये इथे मेटानोइया हा शब्द आहे: मन पालटणं, विचाराचा रोखच बदलणं. त्याच्यामागे उभा असलेला हिब्रू शब्द तर अगदीच साधा आहे, चालणाऱ्या पायांचा. शूव, म्हणजे वळ, मागे फीर, परत ये. संदेष्टे 'वाईट वाटून घ्या' असं क्वचितच म्हणतात, 'परत या' असं सारखं म्हणतात. राखेच्या बुधवारी वाचला जाणारा योएलचा उतारा त्याच शब्दावर उभा आहे: वस्त्रं फाडू नका, हृदयं फाडा आणि परमेश्वराकडे वळा.

मला मराठीत याच्या सगळ्यांत जवळचा शब्द 'उपरती' वाटतो. 'त्याला उपरती झाली' असं सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, 'मग काय केलं त्याने?' नुसता पश्चात्ताप झाला म्हटलं तर तसं कुणी विचारत नाही.

उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाकडून मिळालेली मालमत्ता उडवून कफल्लक झालेल्या मुलाची, गोष्ट या नजरेने पुन्हा वाचून पाहा. तो शुद्धीवर येतो ते पोटातल्या भुकेमुळे. बापाच्या घरी चाकरांनासुद्धा पोटभर मिळतं, आणि मी इथे डुकरांच्या शेंगांकडे बघतोय! कारण काही फार उदात्त नाही. पण तो उठतो आणि वाटेला लागतो. येताना त्याने एक भाषण पाठ केलेलं असतं: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. बाप धावत येऊन गळ्यात पडतो, मुलगा बोलायला सुरुवात करतो, आणि चाकराचं वाक्य येण्याआधीच बाप नोकरांना हाक मारून उत्तम झगा आणायला सांगतो. ते शेवटचं वाक्य राहूनच जातं. लूकच्या पंधराव्या अध्यायात 19 वं आणि 21 वं वचन शेजारी ठेवून वाचलं की हे लक्षात येतं.

यहूदालासुद्धा पस्तावा झाला होता. मग पेत्र तरला आणि तो का नाही?

हा प्रश्न एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारला होता, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य. त्याने काय काय केलं ते नीट बघितलं पाहिजे. मत्तय सांगतो की त्याला पस्तावा झाला. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली. 'मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं' असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. दुःख, कबुली, भरपाई: प्रायश्चित्ताच्या पुस्तकात लिहिलेलं बहुतेक सगळं झालं. पण ते तो घेऊन गेला कुणाकडे? ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्याच याजकांकडे. त्यांनी उत्तर दिलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. जगातलं याहून एकटं पाडणारं वाक्य मला माहीत नाही. तिथून तो एकटाच गेला आणि त्याने स्वतःला संपवलं.

पेत्राने, म्हणजे येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणाऱ्या शिष्याने, उलट काहीच केलं नाही. कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन हमसून रडला, बस्स. पण तो बाकीच्यांना सोडून गेला नाही. रिकाम्या कबरीची बातमी आली तेव्हा तो धावू शकला, कारण तो त्यांच्यात होता.

योहानाने इथे एक बारीक तपशील जपून ठेवला आहे. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू न्याहारी मांडतो, तिथेही कोळशाचा विस्तव असतो. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी तोच शब्द आहे, आणि संबंध नव्या करारात तो या दोनच जागी येतो. त्या दुसऱ्या विस्तवापाशी पेत्राला तीनदा विचारलं जातं, 'तू माझ्यावर प्रेम करतोस का?' जितक्या वेळा नाकारलं तितक्याच वेळा. जखम जिथली, मलमही तिथलंच.

यहूदाचं पुढे काय झालं याचा निवाडा करणं माझं काम नाही. पण त्या मुलीला आज मी एवढं सांगेन, की दुःख दोघांनाही सारखंच झालं असेल. एकाला ते घेऊन जायला दार सापडलं. तुमच्या मनात यहूदासारखी टोकाची निराशा घर करून असेल तर लेंटच्या कडक उपवासाच्या फंदात पडू नका. आधी एखाद्या जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला, आजच.

कपाळावर राख का लावतात?

तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं वाक्य अंगावर लिहिण्यासाठी. राख लावताना धर्मगुरू तेच वाक्य उच्चारतात किंवा मार्कच्या शुभवर्तमानातलं 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा' हे म्हणतात. गोणपाट नेसून राखेत बसणं ही जुन्या करारातली शोकाची आणि अनुतापाची खूण. निनवेच्या राजाने तेच केलं. मध्ययुगाच्या सुरुवातीला ही राख फक्त जाहीर प्रायश्चित्त करणाऱ्यांना लावत. 1091 सालच्या बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेने ती सर्वांसाठी ठरवली. पोप असो की पोरसवदा, राख एकच.

राख बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या जाळून करतात. ज्यांनी होसान्ना म्हणत त्या उंचावल्या होत्या त्यांच्याच कपाळावर त्या वर्षभराने परत येतात.

येशू म्हणतो उपवास करताना तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. आणि आपण कपाळावर राख मिरवतो?

मिरवणं आणि लावून घेणं यात फरक आहे, पण प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे तो उतारा, मत्तयाचा सहावा अध्याय, नेमका राखेच्या बुधवारीच वाचला जातो, आणि ऐकून झाला की लोक रांगेत उभे राहून राख लावून घेतात. उपासना ठरवणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं वाटत नाही. तो चिमटा मुद्दाम ठेवला असावा. बाहेर पडताना राख पुसायची की ठेवायची हा प्रत्येकाचा प्रश्न. पुसायला लाज हे कारण असेल तर ठेवा, आणि ठेवायला दिखावा हे कारण असेल तर पुसा.

उपवासाचे नियम काय आहेत?

कॅथलिक मंडळीत 1966 साली पोप सहावे पॉल यांनी ते बरेच सैल केले आणि 1983 च्या धर्मनियमावलीत ते आले. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे: दिवसात एक पुरतं जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, जे मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. हा नियम वयाची 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. याच दोन दिवशी आणि लेंटच्या सर्व शुक्रवारी मांस वर्ज्य. हा नियम 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना, पुढे वयाची मर्यादा नाही. मासे चालतात. देशोदेशीच्या बिशपांना यात थोडाफार बदल करता येतो, म्हणून आपल्या चर्चची सूचना वाचावी.

हे कमीत कमी आहे. त्यापलीकडे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मला मधुमेह आहे. उपवास नाही केला तर पाप लागेल का?

नाही. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, जड कष्टाचं काम करणारे यांना सूट आहे. औषधाच्या वेळा चुकवून उपवास करणं ही भक्ती नाही, हट्ट आहे.

मी गोड खाणं आणि मोबाइलवरचे खेळ सोडलेत. पुरे ना?

ते सोडल्याने रिकामा झालेला वेळ आणि वाचलेले पैसे कुठे गेले यावर अवलंबून आहे. लेंटचे तीन पाय सांगतात: प्रार्थना, उपवास, दान. उपवास एकटाच ठेवला तर त्याचं वजन कमी करण्याचं पथ्य होतं. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी चाळीस दिवस आणि राख कशाला हवी?

यशयाच्या 58 व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो आणि तू बघत नाहीस. देवाचं उत्तर ऐकून घाम फुटतो. उपवासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, ठोसे मारता. मला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाच्या गाठी सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या लेखनात तर हिशेबच सांगितला आहे: उपवासाच्या दिवशी जे खाल्लं नाही त्याची किंमत काढा आणि ती रक्कम विधवेला किंवा अनाथाला द्या. अठराशे वर्षांपूर्वीची ही सूचना मला अजूनही सगळ्यांत कामाची वाटते.

आणि हो, जे सोडलंय ते चारचौघांत सांगत फिरू नका. घरातल्यांचा चिडचिडेपणाने छळ करून केलेला चहाचा त्याग तर घरातल्यांनीच केलेला त्याग असतो.

माझ्या हातून मोठं पाप काही घडलेलं नाही. मग कशाचा पश्चात्ताप करू?

दावीद राजालाही असंच वाटत होतं. त्याने उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं होतं, तरी त्याची झोप उडाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. नाथान संदेष्टा आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली: एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी ती कापली. दावीद संतापून म्हणाला, असल्या माणसाला मरणच दिलं पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

दुसऱ्याच्या गोष्टीत आपल्याला पाप लख्ख दिसतं. म्हणून मी वर्गात एक उपाय सांगते. गेल्या महिन्यात तुम्हाला कुणाच्या कोणत्या वागण्याची फार चीड आली ते लिहा. मग तेच वागणं स्वतःत शोधा. कुणाला रिकाम्या हाताने परतावं लागलंय असं अजून तरी झालेलं नाही. माझी स्वतःची यादी 'लोक वेळेवर उत्तर देत नाहीत' इथून सुरू झाली होती.

दाविदाच्या नावाने ओळखलं जाणारं 51 वं स्तोत्र या काळात पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. परंपरेने पश्चात्तापाची म्हणून सात स्तोत्रं मानली आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143. रोज एक म्हटलं तर आठवडा भरतो.

धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करायलाच हवं का? देवाला थेट सांगितलं तर चालत नाही?

देवाला थेट सांगायचंच आहे, त्यावर कुणाचंच दुमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळी पापनिवेदनाला संस्कार मानतात. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून निदान एकदा ते करावं असा नियम केला, आणि लेंटमध्ये रांगा लागतात त्याचं एक कारण तो जुना नियम. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सार्वजनिक कबुलीची प्रार्थना असते आणि हवं तर पाळकांशी खाजगीत बोलता येतं.

सुरुवातीला प्रायश्चित्त सगळ्यांदेखत असे आणि त्यातून राजेही सुटत नसत. 390 साली सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने थेस्सलनीकात हजारो माणसं कापली गेली, तेव्हा मिलानचे बिशप अंब्रोस यांनी त्याला परमप्रसादापासून, म्हणजे उपासनेत वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीपासून, दूर ठेवलं. सम्राटाने राजवस्त्रं उतरवून लोकांदेखत प्रायश्चित्त केलं, मगच त्याला परत घेतलं. कानात कुजबुजण्याची रीत पुढची; आयर्लंडच्या मठवासीयांनी ती युरोपभर नेली.

माझं मत विचाराल तर: पाप मनातल्या मनात ठेवलं की ते एक तर फार लहान वाटतं किंवा फार मोठं. दुसऱ्या माणसाच्या कानावर पडलं की ते आपल्या मापाला येतं.

देवाची क्षमा मिळाली. मग ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जायची गरज आहे का?

आहे. इथे बहुतेक जण पळवाट शोधतात. येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आपल्या मनात काही आहे का असं तो विचारत नाही, त्याच्या मनात आहे का असं विचारतो.

येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला तेव्हा त्याने रडून वगैरे दाखवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असा आकडाच सांगितला. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं परत करावीत असा मोशेच्या नियमशास्त्रातला दंड होता. जकातदाराने स्वतःला सरळ मेंढरंचोराच्या रांगेत उभं केलं.

म्हणून लेंटमध्ये एखादी जुनी उधारी फेडणं, बळकावलेली बांधाची वीतभर जमीन सोडणं, भावाला फोन लावणं हे उपवासाहून अवघड आणि मोलाचं. फोन लावलात तर 'तुझ्या मनाला लागलं असेल तर माफ कर' असं म्हणू नका. 'मी असं केलं, ते चुकीचं होतं' एवढंच म्हणा. एक सावधगिरी: आपण गेल्याने समोरच्याला पुन्हा त्रास किंवा भीती वाटणार असेल, तर जाऊ नका. आपलं मन हलकं करण्यासाठी त्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं नसतं.

मी माफी मागितली, पण त्याने केली नाही.

तो त्याचा हक्क आहे. माफी मागता येते, वसूल करता येत नाही.

प्रॉटेस्टंट लेंट पाळतात का?

काही पाळतात, काही नाही. अँग्लिकन, लुथरन आणि मेथडिस्ट मंडळ्यांत तो आहे. दुसऱ्या बाजूला, 1522 साली झुरिचमध्ये छापखानावाल्या फ्रोशाउअरच्या घरी लेंटमध्ये सॉसेज खाल्ले गेले, आणि तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी स्वतः न खाताही खाणाऱ्यांची बाजू घेतली. शास्त्रात सक्ती नाही तिथे माणसाने सक्ती करू नये, हा त्यांचा मुद्दा. तिथल्या धर्मसुधारणेची ठिणगी अशी ताटातून उडाली. लुथर यांच्या 1517 च्या 95 प्रबंधांतला पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, ही प्रभूची इच्छा. मग चाळीस दिवस वेगळे कशाला, असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणते, रोज करायच्या गोष्टी वर्षातून एकदा शिकाव्या लागतात.

ऑर्थोडॉक्स मंडळींचा लेंट वेगळा असतो का?

सुरुवात वेगळी आणि पथ्य बरंच कडक. राख नसते. महाउपवास सोमवारी सुरू होतो. मांस, अंडी, दूधदुभतं सगळं बंद, मासेही मोजक्या दिवशीच. चाळीस दिवस ते सलग मोजतात आणि पवित्र सप्ताह त्यात धरत नाहीत. बहुतेकांचा ईस्टर जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून ठरतो, म्हणून तारखा सहसा जुळत नाहीत. 2025 मध्ये मात्र दोन्ही ईस्टर 20 एप्रिललाच आले.

मला त्यांची आदली संध्याकाळ हेवा वाटण्यासारखी वाटते. उपवास सुरू होण्याआधीच्या रविवारी चर्चमधले सगळे एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. धर्मगुरूही मागतात, लहान मुलंही. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही तोही रांगेत समोर येतोच.

जांभळा रंग कशासाठी? आणि आलेलूया का म्हणत नाहीत?

जांभळा अनुतापाचा आणि तयारीचा रंग. आलेलूया आणि गौरवगीत आनंदाचं म्हणून ईस्टरसाठी राखून ठेवतात. चौथ्या रविवारी अर्धी वाट सरली म्हणून गुलाबी वस्त्रं चालतात.

लहान मुलांकडून काय करून घ्यावं?

उपवास नकोच. भांडलेल्या मित्राशी बोलायला लावा आणि क्रूसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या, चौदा स्थानांपैकी एखाद्याची गोष्ट सांगा. आणि मुलांवर तुम्ही विनाकारण ओरडला असाल तर त्यांची माफी मागा. पश्चात्ताप म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या कुठल्याही धड्यातून इतकं कळणार नाही.

मी ख्रिस्ती नाही. राखेच्या बुधवारी किंवा क्रूसाच्या वाटेला येऊन बसलो तर चालेल?

या. परमप्रसाद घेऊ नका, बाकी सगळ्याला हजर राहता येतं.

नेम मध्येच मोडला. आता?

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. मोडलेला नेम हेच पुष्कळदा लेंटमधलं पहिलं खरं शिक्षण असतं. स्वतःच्या शब्दाचं वजन किती, ते तेव्हा कळतं. परुशी आणि जकातदाराच्या दाखल्यात आठवड्यातून दोनदा उपवास न चुकता करणारा परुशी होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा.

लेंट संपतो केव्हा?

कॅथलिक गणनेत पवित्र गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या मिस्सा या उपासनेआधी. त्यानंतर पाय धुण्याचा विधी, गुड फ्रायडे, शनिवारची शांतता आणि रात्रीचं जागरण. बहुतेकांच्या बोलण्यात मात्र लेंट ईस्टरलाच संपतो.

मला या चाळीस दिवसांत काहीच जमलं नाही. ईस्टरला कोणत्या तोंडाने येऊ?

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री एक जुनं प्रवचन वाचलं जातं. ते योहान ख्रिसोस्तोम यांचं मानतात. द्राक्षमळ्यात अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायच्या जरा आधी, कामावर आलेल्या मजुराचा दाखला घेऊन ते एकेकाला बोलावतं: पहिल्या तासापासून राबलेले या, तिसऱ्या तासाला आलेले या, उशीर झाला म्हणून घाबरलेले या. उपवास केलेले आणि न केलेले, दोघेही आज आनंद करा. ताट वाढलेलं आहे, कुणी उपाशी परत जाऊ नये.